सी. रामचंद्र : सूर, गिटार आणि मजुरी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी किंवा बंद पडलेल्या गिरण्या यांपैकी काहीतरी आम्ही सुचवू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही सी. रामचंद्र यांचे नाव घेतले तेव्हा मंडळी थोडी चपापली. कामगार संघटनेच्या माणसाने सिनेमाच्या संगीतावर काय बोलावे? शंका रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत पुरे झाले नाही. जे झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. रागदारीचे शास्त्र आम्हांला येत नाही. पण एक गाणे तयार व्हायला किती हात लागतात, त्या हातांना मजुरी कोण देतो आणि त्यांची नावे कोण लिहितो, हे प्रश्न आम्हांला अपरिचित नाहीत. रामचंद्र चितळकर या माणसाच्या आयुष्यात सूर आणि मजुरी या दोन्ही गोष्टी अशा गुंफलेल्या आहेत की एक सोडून दुसरी सांगता येत नाही.

प्रतापनगरच्या श्रोत्यांना या विषयाची जवळीक वाटावी असे आणखी एक कारण आहे. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. वडील रेल्वेत नोकरीला. पण मुलाला सुरांची पहिली शिस्त लागली ती आपल्या नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. पुढे पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली ते शिकले. म्हणजे ज्या माणसाने हिंदी बोलपटात गिटार, सॅक्सोफोन आणि शीळ आणून लोकांना नाचविले, त्याचा पाया तंबोऱ्याच्या जवारीवर घातलेला होता. हे ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

तरुण रामचंद्र सिनेमात गेले ते संगीतकार होण्यासाठी नव्हे, नायक होण्यासाठी. 'नागानंद' नावाच्या चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका केली आणि चित्रपट आपटला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये लहानसहान कामे मिळू लागली. तेथे बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीत दिग्दर्शकांना हार्मोनियमची साथ करता करता चाली बांधण्याचे काम त्यांच्या हाती आले. आमच्या भाषेत सांगायचे तर हा माणूस बदली कामगार म्हणून आत शिरला आणि यंत्रावर उभा राहून काम शिकला. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती मराठीत नव्हे, हिंदीतही नव्हे, तर तमिळ चित्रपटांत : १९३९ सालचा 'जयक्कोडी' आणि १९४१ सालचा 'वनमोहिनी'. पुढे १९४२ साली 'सुखी जीवन' आला. त्याचे दिग्दर्शक होते भगवान.

भगवान आभाजी पालव हे मुंबईच्या गिरणी कामगाराचे पोर. स्वतःही त्यांनी मजुरी केली होती. या दोघांची मैत्री जमली आणि तिचे फळ १९५१ साली 'अलबेला'च्या रूपाने लोकांपुढे आले. त्याआधी १९४७ साली 'शहनाई' चित्रपटातील 'संडे के संडे' या गाण्याने चितळकरांचे नाव घरोघर पोहोचले होते. त्या गाण्यात गिटार होती, तोंडाने वाजवायचा बाजा होता, सॅक्सोफोन होता आणि चक्क शीळ होती. संगीत दिग्दर्शक म्हणून ते सी. रामचंद्र, गाताना चितळकर, आणि चित्रपटसृष्टीत सर्वांचे अण्णा. एकाच माणसाची इतकी नावे. आणि ज्यांच्या साहाय्याने हे संगीत उभे राहिले त्यांपैकी बहुतेकांचे एकही नाव लोकांना ठाऊक नाही. आमच्या सांगण्याचा गाभा येथे आहे.

आता गिटारने नेमके काय केले, ते सोपे करून सांगतो. आपल्या संगीतात सूर एकापाठोपाठ एक येतात. तंबोरा षड्ज धरून ठेवतो आणि गवय्या त्यावर एकेका सुराची वाट चालतो. पाश्चात्त्य पद्धतीत तीन-चार सूर एकाच वेळी वाजवून त्यांचा एक गुच्छ करतात. त्याला कॉर्ड म्हणतात. गिटारला सहा तारा असतात. डाव्या हाताची बोटे पट्टीवरील पडद्यांमध्ये दाबायची आणि उजव्या हाताने सहाही तारा एकदम छेडायच्या, की तो गुच्छ उमलतो. शिवाय त्या छेडण्यातच ताल मिळतो. म्हणजे एकच वादक सुराचा आधार आणि लयीचा ठोका ही दोन्ही कामे करतो. चाल साधी असली तरी तिच्या पाठीमागे भिंत उभी राहते.

दुसरा फरक ठोक्याचा. आपल्या केरव्याच्या आठ मात्रांत समेचे वजन पहिल्या मात्रेवर असते. श्रोता मान हलवतो ती समेवर. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या गाण्यांतून जी लय वाढली आणि पुढे जिला 'रॉक अँड रोल' असे नाव पडले, तिच्यात चार ठोक्यांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर असतो. टाळी तेथे पडते. श्रोत्यांनी घरी जाऊन करून पाहावे : एक-दोन-तीन-चार म्हणावे आणि दोन व चारवर टाळी द्यावी. पाय आपोआप हलू लागतो. बिल हॅले यांच्या गाण्यावरून निघालेला 'रॉक अराउंड द क्लॉक' हा अमेरिकन चित्रपट १९५६ साली आला; पुढच्याच वर्षी, १९५७ साली, 'आशा' चित्रपटात चितळकरांचे 'ईना मीना डीका' वाजू लागले. लिहिले राजेंद्र कृष्ण यांनी. गायले किशोरकुमार यांनी आणि वेगळ्याने आशा भोसले यांनी. या गाण्याच्या मुखड्याला अर्थ नाही. अर्थ नाही म्हणूनच ते चेन्नईपासून अमृतसरपर्यंत सर्वांना कळले.

त्या मुखड्याची हकीकत सांगतात ती अशी. चितळकरांच्या संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळताना इंग्रजीतले गणतीचे बडबडगीत म्हणत होती. ते कानावर पडले आणि अण्णांनी व त्यांचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी तेथेच शब्दांचा खेळ मांडला. गोम्स गोव्याचे. त्यांनी आपल्या कोकणीतले, 'मला नको' अशा अर्थाचे दोन शब्द मध्ये घातले. कोट्यवधी लोकांनी ते शब्द गुणगुणले. ते कोकणी आहेत हे कितीजणांना ठाऊक होते?

येथे गोवेकर वादकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना गायन, व्हायोलिन आणि पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. हेतू प्रार्थनासंगीताचा होता. पण त्यामुळे साध्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती एक कारागिरी आली. पोट भरण्यासाठी ही मुले मुंबईस आली आणि आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कूड' नावाच्या सामायिक बिऱ्हाडांत राहिली. आपल्याकडे कोकणातले गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत राहत, तसाच हा प्रकार. रात्री हॉटेलात जाझ वाजवायचा आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचे संगीत, असा त्यांचा दिनक्रम. मुंबई राज्यात दारूबंदी आल्यावर हॉटेलांतले काम आटले, तसा स्टुडिओचा आधार मोठा झाला.

त्यांच्यातले एक आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट. जन्म १९१६ साली, गोव्यातील आल्दोना गावी. ट्रम्पेट असे वाजवीत की लोक त्यांची तुलना लुई आर्मस्ट्राँगशी करीत. ते चितळकरांचे साहाय्यक होते आणि 'अलबेला'त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. ही गोष्ट अण्णांच्या बाजूने नोंदविली पाहिजे : ज्यांना पडद्यामागे ठेवण्याची रीत होती, त्यांना या चित्रपटाने पडद्यापुढे आणले. १९६७ साली चिक चॉकलेट वारले. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही अशीच आणखी नावे. शेवटचे नाव श्रोत्यांना ओळखीचे वाटेल, कारण १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'त त्या नावाचे गाणे आहे. ते गाणे संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला वाहिलेला नमस्कार होता. गंमत म्हणून देशाने ते नाव घेतले. त्या नावाचा खरा माणूस माजोर्ड्याचा एक थोर वादक आहे, हे फार थोड्यांना माहीत होते.

या मंडळींचे काम काय असे? संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगे. ती ऐकून संयोजक, ज्याला तेथे अरेंजर म्हणत, तो प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहून काढी : व्हायोलिनांनी कोठे उचलायचे, ट्रम्पेटने कोठे थांबायचे, मुखडा आणि अंतरा यांच्या मधल्या जागेत काय वाजवायचे. आपण गाणे आठवतो तेव्हा ही मधली जागाही आपण गुणगुणत असतो. मग एका दालनात गाणारे आणि वाजवणारे सगळे एकत्र बसत व गाणे सलग ध्वनिमुद्रित होई. चाळीस वादकांपैकी एकाचा सूर चुकला, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. गिरणीत एक धागा तुटला तर एक माग थांबतो. येथे सारी गिरणी थांबे. आणि पाळी संपली की हाती रोख मजुरी. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजले तरी वादकाचा हिशेब त्या दिवशीच मिटलेला. चित्रपटाच्या नामावळीत संयोजकाचे नाव आलेच तर 'साहाय्यक' म्हणून एका ओळीत. वादकांचे मुळीच नाही.

कोणी म्हणेल, मग संगीत खरे कोणाचे? चितळकरांचे की गोवेकरांचे? हा वाद आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि तो चुकीच्या जागी मांडलेला आहे असे आमचे मत आहे. ज्या 'अलबेला'त ट्रम्पेट आणि बाँगो कडाडतात, त्याच 'अलबेला'त पिलूच्या सुरांतली अंगाई आहे. १९५३ सालच्या 'अनारकली'त आणि १९५५ सालच्या 'आझाद'मध्ये बागेश्रीची जी हळुवार रूपे आढळतात, ती कोणी संयोजक कागदावर लिहून देऊ शकला नसता. ती सप्रे आणि पटवर्धन यांच्या शिकवणीतून आलेली आहेत. उलट 'ईना मीना'चा धडाका एकट्या हार्मोनियममधून निघाला नसता. चाल अण्णांची खरीच. पण चालीला देह देणारे हात दुसऱ्यांचे होते. एकाचे श्रेय मान्य केल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही. कमी होते ते तेव्हा, जेव्हा नामावळी लिहिणारा वही लवकर मिटतो.

त्या काळात या संगीतावर दुसऱ्या बाजूनेही मारा झाला. हे आपले नव्हे, उसने आहे, उथळ आहे, असा तो आक्षेप. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते आपले मराठी गृहस्थ, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे कळकळीचे कैवारी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? लोकांनी रेडिओची सुई फिरवून सिलोन लावले. १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला सिनेमाची गाणी परत आणावी लागली. शास्त्रीय गायकांना नभोवाणीवर मान आणि बिदागी मिळाली, हे केसकरांचे काम मोठे होते. पण जनतेने काय ऐकावे हे हुकमाने ठरविता येत नाही, हाही धडा त्यातूनच मिळाला.

असे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. १९६० नंतर जपानात विजेवर चालणाऱ्या गिटारचे वेड पसरले. १९६५ च्या सुमारास तेथील काही ठिकाणी शाळकरी मुलांना या गिटारीची मनाई करण्यात आली. मुले बिघडतील ही भीती. त्या काळचे तेथील नामांकित गिटारवादक ताकेशी तेराउची. त्यांनी बीथोव्हेनची पाचवी सिंफनी विजेच्या गिटारवर वाजविली आणि त्सुगारू प्रांतातल्या लोकगीताची चालही त्याच गिटारवर घेतली. उसन्या वाद्यात घरचा सूर भरला की वाद्य उसने राहत नाही, हे तेराउचींनी तिकडे आणि चितळकरांनी इकडे दाखविले. मात्र एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. १९६७ साली त्या बीथोव्हेनच्या ध्वनिमुद्रिकेस जपानमधील राष्ट्रीय प्रतिष्ठेचे जे पारितोषिक मिळाले, ते संयोजनाचे होते. संयोजन ही स्वतंत्र कामगिरी आहे आणि तिचा सन्मान नाव घेऊन करावा, हे तेथे मानले जात होते. आपल्याकडे त्याच वर्षी चिक चॉकलेट गेले.

कायद्याचे पाऊल आपल्याकडे हळू पडले, पण पडले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटातील संगीतावर निर्मात्याचा हक्क उचलून धरला. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडले. ज्याच्या गळ्यातून गाणे साकार होते त्या गायकाला आपला कायदा काहीच देत नाही, ही खंत त्यांनी त्यात नोंदविली. १९८१ साली सिने-कामगारांचा कायदा झाला आणि त्याच्या व्याख्येत नट आणि नर्तक यांच्या जोडीला वादक हा शब्दही आला. १९९४ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात कलावंताचा हक्क मान्य झाला. २०१२ साली गीतकार, संगीतकार आणि कलावंत यांना मानधनातील वाट्याचा आधार मिळाला. ज्या पिढीने हे संगीत वाजविले, तिच्यातले बहुतेक तोवर निघून गेले होते.

आणि अण्णांचे स्वतःचे काय झाले? २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या समोर लताबाईंनी चीन युद्धातील हुतात्म्यांसाठी गीत गायले. लताबाईंचे नाव सर्वांना आठवते, कवी प्रदीपांचे पुष्कळांना, नेहरूंच्या डोळ्यांतले पाणी तर सर्वांनाच. चाल कोणाची, असे विचारले की सभा थबकते. चाल सी. रामचंद्र यांची. ज्यांचे नाव मोठ्या अक्षरांत येत होते त्यांच्यावरही पुसले जाण्याची पाळी आली. साठीच्या दशकाच्या मध्यापासून हिंदीतले काम ओसरले. त्यांनी मराठीत 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे चित्रपट स्वतः काढले, त्यांत भूमिका केल्या, माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला चाली दिल्या आणि १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले. मित्र भगवानदादांचे उत्तरायुष्य त्याहून खडतर. जुहूचा बंगला आणि मोटारींचा ताफा गेला. दादरच्या चाळीत राहून ते २००२ साली वारले. रांगेत कोणी पुढे असो वा मागे. म्हातारपणाची तरतूद नसलेल्या धंद्यात सगळ्यांचा शेवट सारखाच होतो, हे आम्ही गिरणीत पाहिले आणि सिनेमातही तेच दिसते.

आता आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगून हे लेखन संपवितो. काही वर्षांपूर्वी आम्ही नागपुरातील लग्नाच्या बँडमधल्या वाजंत्र्यांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला. लग्नसराईचे चार महिने काम, उरलेले आठ महिने बिगारी. वाद्य मालकाचे, गणवेश मालकाचा, ओठ फुटले तर ते तेवढे वाजवणाऱ्याचे. अर्ज घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. तेथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारले, "बाजा वाजवणे हे काम म्हणायचे की कला? कला असेल तर ते कामगार नव्हेत." आमच्याबरोबर साठीतला एक ट्रम्पेटवाला होता. स्वरलिपी सोडा, त्याला सहीदेखील नीट येत नव्हती. तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, वाजवतो तवा कला असते जी. पैसे मागतो तवा काम असते."

त्या दिवशी अर्ज परत आला. पण आम्हांला वाटते, आम्ही कपाटभर पुस्तके वाचून जे सांगू शकलो नसतो ते त्याने दोन वाक्यांत सांगितले. तो दरवर्षी वरातीत 'अलबेला'तली गाणी वाजवी. ती चाल कोणाची, हे त्याला माहीत नव्हते, आम्ही त्याला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "आणि बाजा कोणी वाजवला होता त्याच्यात?" आम्ही चिक चॉकलेटचे नाव सांगितले. त्याने ते दोनदा म्हणून पाहिले आणि लक्षात ठेवले.

येत्या लग्नसराईत प्रतापनगरच्या रस्त्यावरून वरात जाईल तेव्हा आपण खिडकीशी याल. गाणे कोणते, ते आपण ओळखालच. वरात थांबली असता खाली उतरून त्या ट्रम्पेटवाल्याला पाणी द्यावे आणि त्याचे नाव विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.